सही कुठे करायची, मॅडम?

चि. अनघा हिस,


परवाचा फोन अर्धवटच राहिला. तू विचारलंस, "मावशी, ज्याला यायचंच नाही अशा माणसाला समुपदेशनाला पाठवून काही होतं का गं? की आपण नुसती तारीख पुढे ढकलतो?" मी 'होतं, आणि होत नाहीही' असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात तुझ्या आईनं फोन ओढून घेतला आणि पुढचा अर्धा तास तुझ्या नव्या बिऱ्हाडाच्या गॅस जोडणीवर गेला. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. छापायला देते आहे ते तुला विचारूनच. उत्तनच्या न्यायिक अकादमीतून तुझ्याबरोबर बाहेर पडणारे सगळेच नवे न्यायाधीश येत्या काही महिन्यांत 'उभय पक्षांनी समुपदेशकासमोर हजर राहावे' हे वाक्य आपापल्या सहीनं लिहू लागतील. त्या वाक्यानं ज्या खोलीत माणसं येतात, त्या खोलीत मी नोकरीचं आयुष्य काढलं.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक, आणि निवृत्तीनंतर आठवड्यातले काही दिवस एका व्यसनमुक्ती केंद्रात. दोन्हीकडे आपण होऊन आलेला माणूस विरळाच. कोर्टात न्यायाधीशांनी पाठवलेले. केंद्रात बायकोनं, आईनं नाहीतर कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसरनं आणून सोडलेले. कोर्टातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सही कुठे करायची, मॅडम?" सही केली की सुटलो, ही समजूत. त्यांचं चूक नाही. सरकारी कचेरीत आजवर त्यांचा अनुभव तोच असतो.

तेव्हा आधी सरळ उत्तर. सक्तीनं आलेला माणूस बदलत नाही हे खोटं आहे, आणि एकदा आणून बसवला की हळूहळू बदलतो हेही खोटं आहे. सक्ती नेमकी कशाची केली, यावर सगळं अवलंबून असतं. हजर राहण्याची सक्ती चालते. मन उघडं करण्याची, पश्चात्तापाची, समेटाची सक्ती चालत नाही. आपली अडचण अशी की आदेशात लिहिलेली असते पहिली आणि सगळ्यांना हवी असते दुसरी.

एक गृहस्थ सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. भोसरीकडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला, बायकोनं घटस्फोटाचा अर्ज टाकलेला, एक मुलगी. आले ते खुर्ची दाराकडे वळवूनच बसले. मांडीवर हेल्मेट, हेल्मेटवर हात. मी विचारलं त्याला 'हो', 'नाही', 'वकिलांना विचारा'. वकील आत नव्हते. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाच्या परवानगीनं लावता येतो, आणि समुपदेशकाच्या खोलीत तर नवरा-बायकोच. पण वकिलांनी सांगून ठेवलेलं असतं, 'आत काही बोलू नका.' तो सल्ला माणूस ताईत बांधल्यासारखा घेऊन येतो.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत तरी मी 'हजर होते' एवढंच लिहीन. गप्प बसलात असंही लिहिणार नाही." बराच वेळ काही नाही. मग त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि बोललो तर ते साहेबांना सांगणार?" खरा प्रश्न हा होता. मी नियम सांगितला. समुपदेशनात सांगितलेली गोष्ट गोपनीय असते, तिच्याबद्दल समुपदेशकाला कोर्टात साक्षीला बोलावता येत नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग बोलायला लागले ते मुलीच्या शाळेच्या फीबद्दल. बायकोचं नाव तिसऱ्या तारखेला घेतलं, तेही मुलीच्या अनुषंगानं.

पुढे काय झालं म्हणशील, तर घटस्फोट झाला. माझ्या त्या वर्षाच्या तक्त्यात ही केस 'तडजोड झाली नाही' या रकान्यात गेली. पण मुलीचा ताबा, भेटीचे दिवस, फी कोणी कधी भरायची, हे त्या दोघांनी माझ्या टेबलाशी बसून ठरवलं आणि ते पाळलं. आमच्या खात्याच्या हिशेबात ते अपयश. मला विचारशील तर माझ्या चांगल्या कामांतलं ते एक. समुपदेशन यशस्वी झालं म्हणजे जोडपं एकत्र नांदायला गेलं, हे समीकरण तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 चा. त्याच्या नवव्या कलमात न्यायालयानं समेटासाठी प्रयत्न करावा असं आहे. प्रयत्न. कायद्यानं निकालाची हमी घेतलेली नाही. हट्ट आपला असतो.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाची एक बाजू मी त्यांनाही सांगितली होती आणि तुलाही सांगते. मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर घरची परिस्थिती, आई-बापांशी मुलाचं नातं यांवर न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागू शकतं. म्हणजे तीच बाई, तेच टेबल, आणि आज ती ऐकणारी तर उद्या लिहिणारी. आलेल्या माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगितलं नाही तर तो पुढचे सहा महिने अभिनय करतो. आदर्श बाप, आदर्श आई. मुलांना चॉकलेट आणणारे, आजीच्या पाया पडायला लावणारे. मी अशी नाटकं इतकी पाहिली आहेत की बालगंधर्वला तिकीट काढून जायची गरज पडली नाही.

आता जरा बाहेरच्या देशात काय दिसलं ते. तुला पुरावा लागतो, लहानपणापासून. 1989 मध्ये पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली, त्याच वर्षी अमेरिकेत मायामीला पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. कल्पना अशी की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंग किंवा देखरेखीखालचे उपचार, यातलं एक निवडू द्यायचं. उपचार घेतले तर दर काही दिवसांनी न्यायाधीशांसमोर यायचं, लघवीची तपासणी द्यायची, चुकला तर लगेच छोटी शिक्षा, नीट चालला तर सगळ्यांसमोर शाबासकी. 2012 मध्ये अशा कोर्टांवरच्या दीडशेहून अधिक मूल्यमापनांचा एकत्र अभ्यास झाला. प्रौढांच्या ड्रग कोर्टात पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण सरासरी 50 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे सगळे सक्तीनंच आलेले. उपचारांतून मधेच पळून जाणं ही व्यसनाच्या क्षेत्रातली सगळ्यात मोठी गळती, आणि डोक्यावर कोर्ट असलं की माणूस टिकतो. टिकला की निदान उपचारांना आपलं काम करायला वेळ मिळतो.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. कॅनडातल्या संशोधकांनी 2008 मध्ये गुन्हेगारांच्या उपचारांवरचे 129 अभ्यास एकत्र केले. सक्तीचे उपचार, विशेषतः तुरुंगाच्या आत दिलेले, निष्फळ ठरलेले दिसले. स्वेच्छेनं घेतलेले उपचार कुठेही घेतले तरी फरक पडलेला दिसला. व्यसनाधीनांना पकडून कोंडून ठेवणाऱ्या केंद्रांची कथा तर त्याहून वाईट. आशियातल्या काही देशांत अशी केंद्रं मोठ्या प्रमाणावर होती. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 12 संस्थांनी एकत्र निवेदन काढून ती बंद करा म्हणून सांगितलं. 2016 मधल्या एका आढाव्यात सक्तीच्या व्यसनोपचारांवरचे जे नऊ अभ्यास निकषांत बसले, त्यांतल्या फक्त दोनांत फायदा दिसला, दोनांत उलट तोटा.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. मला वाटत नाहीत. मायामीच्या माणसाला निवड होती, कडू असली तरी होती. कुठल्या वारी यायचं हे त्याला ठाऊक होतं, चुकलं तर काय होईल हे ठाऊक होतं, आणि समोरचा न्यायाधीश त्याला नावानं ओळखत होता. कोंडलेल्या माणसाला यातलं काहीच नव्हतं. आपला अमली पदार्थांचा कायदा एरवी किती कडक आहे ते तुला मी सांगायला नको, पण त्याचं 39 वं कलम पुन्हा वाच. थोड्या प्रमाणात माल सापडलेल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडता येतं, आणि तिथे शब्द आहेत 'त्याच्या संमतीनं'. 1985 चा कायदा, पण ही एक गोष्ट त्यात शहाणपणाची आहे.

खोलीच्या आत काय होतं याबद्दल एकच अभ्यास सांगते. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तो प्रसिद्ध केला. जास्त पिणाऱ्या लोकांशी समुपदेशक कसं बोलतात हे त्यांनी तपासलं. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, 'तुम्ही दारुडे आहात हे मान्य करा' म्हणाला, तितकी ती व्यक्ती वर्षभरानंतर जास्त पीत असलेली दिसली. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे अजूनही चार उपदेशाच्या गोष्टी सांगणं. 'बायका-पोरांकडे बघा जरा' हे वाक्य मी कोर्टाच्या पॅसेजमध्ये पोलिसांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्याला ते ऐकवतात त्यानं ते आपल्या आईकडून हजारदा ऐकलेलं असतं. सक्तीनं आलेला माणूस आधीच भांडायच्या तयारीत असतो. त्याला भांडायला जोडीदार दिला की तो दारूची वकिली सुरू करतो. 'मी रोज घेत नाही. सगळे घेतात. साहेब पण घेतात.' तुम्ही वाद घालाल तेवढी त्याची बाजू त्याला स्वतःला पटत जाते.

केंद्रात आम्ही उलटं विचारतो. "तुम्हाला इथे कोणी पाठवलं?" "बायकोनं." "तिला काय दिसलं असेल?" एवढंच. गप्प बसलेला माणूस या प्रश्नाला सहसा उत्तर देतो, कारण यात त्याला काही कबूल करावं लागत नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी सांगायचं असतं. पुण्यात 1986 मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रात या कामाला एक मायेची रीत पडली. डांबून न ठेवता, न मारता, गाणी म्हणत, गप्पा मारत. पण खोटं कशाला बोलू, कुठल्याही केंद्रात पहिल्या आठवड्यात रुग्णाला विचारलंस तर तो सांगेल, 'मला फसवून आणलंय.' टर्की, म्हणजे व्यसन थांबल्यावरचा त्रास, उतरते, झोप लागायला लागते, जेवण जातं, आणि तिसऱ्या आठवड्यात कधीतरी तोच माणूस नव्या आलेल्याला धीर देत बसलेला असतो. प्रत्येकाचं असं होत नाही. काही जण पस्तीस दिवस शहाण्या मुलासारखे राहतात आणि सुटीच्या दिवशी स्टँडसमोरच्या बारमध्ये शिरतात. कोण कुठला निघेल हे पहिल्या दिवशीच्या त्याच्या इच्छेवरून ओळखता येत नाही. रडून-भेकून 'मला सुधरायचंय' म्हणणारे लवकर परत आलेले पाहिले आहेत, आणि शिव्या देत आलेले वर्षानुवर्षं कोरडे राहिलेलेही.

म्हणून 'त्याची इच्छा आहे का' हे तपासत बसू नकोस. इच्छा बऱ्याचदा आत आल्यावर तयार होते.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे ते. दंडाधिकारी म्हणून तुझ्यासमोर घटस्फोटाचे अर्ज फार येणार नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे येतील, ढिगानं. त्याचं 14 वं कलम तुला अधिकार देतं, बाईला किंवा सामनेवाल्याला, एकेकट्याला किंवा एकत्र, समुपदेशनाला पाठवण्याचा. 'किंवा एकत्र' हे दोन शब्द तिथे नसते तर बरं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटगी, मारहाण, सासू, सगळं असलेलं एक प्रकरण. बाई अर्जात खर्चाचे सहा हजार मागत होती. एका संस्थेत दोघांना एकत्र बसवलं. तासाभरात मागणी तीन हजारांवर आली, मारहाणीचा विषयच निघाला नाही, आणि तिनं 'आता आमचं ठीक आहे' म्हणून सही केली. अहवालात 'सौहार्दपूर्ण वातावरणात चर्चा झाली' असं वाक्य होतं. पुढे ती माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, सहाचे तीन कसे झाले? म्हणाली, "बाई, संध्याकाळी गावाकडं एकच एस्टी. त्याच गाडीत तो पण असणार होता." तिथल्या वातावरणाबद्दल यापेक्षा नेमकं मला काही सांगता येणार नाही.

या कायद्याचे 2006 चे नियम प्रत्यक्षात फार शहाणे आहेत, फक्त कोणी उघडत नाही. हिंसा पुन्हा करणार नाही अशी हमी सामनेवाल्यानं समुपदेशकाकडे द्यायची, आणि आपण का मारलं याचं समर्थन समुपदेशनात त्याला मांडूच द्यायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. 'तिनं उलट उत्तर दिलं म्हणून' हे वाक्य तिथे चालत नाही. तू हा नियम आदेशातच उतरवून काढ. समुपदेशकाला तो माहीत असेल असं धरून चालू नकोस. मुंबईत 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथल्या कामाचा पाया हाच होता: आधी हिंसा थांबेल, मग बाकीचं बोलू. संसार वाचवायच्या नादात हा क्रम उलटा होतो आणि मार खाणारी बाईच तडजोडीचा भार उचलते.

मारणाऱ्या पुरुषांच्या सक्तीच्या वर्गांचं काय? अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावात 1981 पासून अशी पद्धत बसवली गेली. कोर्ट आदेश देतं, पुरुष आठवड्याला एकदा गटात बसतो. ती पुढे देशभर पसरली. परिणाम मात्र फार थोडा. 2005 मधल्या एका आढाव्यात एक गोष्ट दिसली ती मी विसरू शकत नाही. पोलिसांच्या नोंदी बघितल्या तर काहीशी सुधारणा दिसत होती. या पुरुषांच्या बायकांना विचारलं तेव्हा सुधारणा शून्य होती. कागद सुधारला, घर नाही. म्हणून, पुरुषाला समुपदेशनाला पाठवलंस तरी बाईचा संरक्षण आदेश त्यामुळे लांबवू नकोस. 'तो समुपदेशनाला जातोय ना, बघू मग' हे तिला तुझ्या तोंडून ऐकायला मिळता कामा नये. कलम 14 मध्येच पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत द्यायला सांगितलं आहे. ती दोन महिन्यांची मर्यादा तेवढ्यासाठीच आहे.

सहा महिन्यांच्या सक्तीच्या थांबण्याचंही असंच. संमतीच्या घटस्फोटात दोघांनी सहा महिने थांबायचं, या काळात मन बदललं तर बदललं, असा हेतू. माझ्याकडे अशी जोडपी यायची ज्यांचं सगळं ठरलेलं असायचं, भांडीकुंडीसुद्धा वाटून झालेली. ती खोलीत बसून घड्याळ बघायची, आणि मीही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अमरदीप सिंग प्रकरणात ही मुदत प्रत्येक वेळी बंधनकारक नाही असं सांगितलं, तेव्हा आमच्या खोलीत निदान हवा खेळायला लागली. ज्यांचं खरंच अजून ठरलं नव्हतं त्यांना द्यायला वेळ मिळाला.

समुपदेशन शिक्षेसारखं दिसलं की काय होतं, तेही सांगते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला पहिल्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता, वाहतूक पोलिसांबरोबर काम होतं, समुपदेशनही होतं. लोक संतापले, आणि दोन जीव गेले असताना ते साहजिकच होतं. काही दिवसांत तो आदेश बदललाही. मला त्यात वेगळंच खुपलं. निबंध आणि समुपदेशन एका ओळीत बसले आणि लोकांच्या मनात दोन्ही एकच झाले: श्रीमंताच्या मुलाला सोडून द्यायची पळवाट. त्यानंतर कित्येक महिने केंद्रात येणारे बाप मला विचारायचे, "निबंध लिहायला लावणार का?" तीन वर्षांचा अनुभव झाला की तुलाही बाल न्याय मंडळावर बसावं लागू शकतं. मुलाला समुपदेशनाला पाठवणं हा बाल न्याय कायद्याचा गाभाच आहे, पण ते शिक्षेच्या जागी, शिक्षेसारखं दिसेल अशा रीतीनं दिलंस, तर ते शिक्षाही राहत नाही आणि उपचारही.

मग लिहायचं तरी काय, हा तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो आहे.

आदेशात फक्त हजेरी माग. कोणी, कुठे, किती वेळा, कोणत्या तारखेपर्यंत. 'समाधानकारक प्रगती', 'वर्तनात सुधारणा' असले शब्द नकोत. ते आले की समुपदेशक परीक्षक होतो आणि समोरचा विद्यार्थी, आणि पास व्हायला काय बोलायचं हे विद्यार्थ्याला दोन दिवसांत कळतं. समुपदेशकानं तुला काय कळवायचं आणि काय कळवायचं नाही, हेही आदेशातच लिही आणि ते पक्षकाराला मराठीत वाचून दाखव. तो कागद वाचत नाही. तू बोललेलं लक्षात ठेवतो.

थोडी निवड दे. दोन केंद्रं असतील तर कुठलं ते त्याला ठरवू दे, वार त्याला ठरवू दे. रोजंदारीवरच्या माणसाला बुधवारी सकाळी अकरा वाजता बोलावलंस तर त्याची हजेरी बुडते, मजुरी जाते, आणि समुपदेशक त्याचा शत्रू होतो तो तोंड उघडायच्या आधीच. तुझ्या तालुक्यात कोणी नसेल आणि जिल्ह्याला जायला जाऊन-येऊन दिवस मोडत असेल, तर आदेश देण्याआधी विचार कर. एसटीचं भाडं कोण देणार, एवढा साधा प्रश्न मी कुठल्याच आदेशात पाहिला नाही. आणि खरंच कोणी नसेल तर आदेश देऊच नकोस. नुसता 'पाठवलं' असा रोजनाम्यात शेरा पडावा म्हणून पाठवणं हा दोघांचाही छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडून समुपदेशकांची यादी मागवून घे. नियमाप्रमाणे ती त्यांनी द्यायची असते. यादीतली नावं फोन उचलतात का, तेही बघ.

आणि तो परत तुझ्यासमोर येईल तेव्हा वर बघ. अहवाल चाळता चाळता 'गेला होता ना?' असं नको. "काय चाललंय?" असं विचार आणि उत्तर ऐक. ड्रग कोर्टांच्या यशाचं श्रेय बरेच जाणकार न्यायाधीशाशी होणाऱ्या त्या वारंवारच्या भेटीलाच देतात. तुझ्या बोर्डावर दिवसाला शंभर प्रकरणं असतील, मला ठाऊक आहे. तरी एक मिनिट.

तुझी आई म्हणेल, आली मोठी शहाणी, न्यायाधीशाला शिकवणारी. म्हणू दे. तिलाही सक्तीनंच एकदा समुपदेशनाला पाठवायला हवं होतं, तुझ्या बाबांशी बोलून बघ.

रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात एक काम मात्र नक्की कर. ज्या खोलीत तू माणसं पाठवणार आहेस ती स्वतः जाऊन बघ. मी काम केलं त्यातल्या एका खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, आणि बाहेरच्या बाकावर दोन्हीकडची नातेवाईक मंडळी कान लावून बसायची. तुझ्या तालुक्यात तसं असेल तर समुपदेशनाचा पहिला आदेश लिहिण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र टाक आणि दार बसवून घे.

तुझी,
शुभामावशी